क्षयरुग्णास रोख साहाय्य कशासाठी?

प्रश्न : क्षयरोगाची औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळत असता रुग्णाच्या खात्यात रोख रक्कम जमा करण्याचे प्रयोजन काय?

उत्तर : औषध विनामूल्य असले, तरी उपचार विनामूल्य नसतो, कारण ज्या मजुराचा चरितार्थ रोजच्या रोजीवर चालतो, त्याला तपासणीसाठी तालुक्याच्या गावी जावयाचे तर एसटीचे भाडे पडते, त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि किमान सहा महिने चालणाऱ्या या उपचारात अंगी थोडी उभारी येताच संसाराची निकड त्याला औषध अर्धवट सोडून कामावर परतावयास लावते, ज्यातून औषधांना दाद न देणारा क्षय उद्भवण्याचे भय असते. शिवाय कुपोषण हा या रोगाचा धोका वाढवणारा एक प्रमुख घटक असल्याने सकस आहार हा उपचाराचाच भाग होय. म्हणूनच केंद्र सरकारने एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेखाली दरमहा ५०० रुपयांची तजवीज केली व नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपयांवर नेली.

ही रक्कम बुडालेल्या मजुरीच्या मानाने अल्पच आहे. तथापि तिचे खरे सामर्थ्य तिच्या निश्चितीत आहे, आणि हप्ता लांबला की नेमके तेच नाहीसे होते. रोख साहाय्य डॉक्टरांची वा औषधसाठ्याची उणीव भरून काढू शकत नाही. परंतु दवाखान्याची वाट गरिबाला परवडावी, एवढे ते निःसंशय साधू शकते. आपल्या परिचयात कोणी रुग्ण असल्यास त्याची निक्षय नोंदणी व बँक खात्याचा तपशील आरोग्यकेंद्रात अवश्य पडताळून घ्यावा.