टू-स्ट्रोकच्या खिडक्या

1972 साली काइनेटिकने आणलेली 50 सीसीची लूना आमच्या नगरच्याच कारखान्यातली. तिसगावला घरी तशीच एक जुनी लूना आहे. सुट्टीत मी नि मित्राने तिच्या एक्झॉस्ट पोर्टची वरची कड कानशीने अंदाजपंचे 2 मिमी घासली. सपाटीला गाडी सुसाट! करंजी घाटात मात्र पायडल मारायची वेळ आली. कुठं चुकलं, ते नंतर ग्राफपेपरवर कळलं.

अशा टू-स्ट्रोकमध्ये सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात. त्यांची उघडझाप पिस्टनच करतो. हिशोबाला सोपं म्हणून स्ट्रोक 50 मिमी आणि कनेक्टिंग रॉड 100 मिमी धरू. क्रँक टीडीसीपासून थीटा अंश फिरल्यावर पिस्टन किती खाली येतो?

अंतर = 25(1 − कॉस थीटा) + 100 − √(100² − 25² साइन² थीटा)

एक्झॉस्टची कड 35 मिमीवर असेल तर ती सुमारे 106.5 अंशांवर उघडते आणि एकूण 147 अंश उघडी राहते. ट्रान्सफरची कड 40 मिमीवर असेल तर तो पोर्ट सुमारे 120.5 अंशांवर उघडतो. मधल्या 14 अंशांत जळका वायू निसटतो. गंमत बघा : 35 ते 40 हे 5 मिमी 14 अंशांत संपतात, पण 45 ते 50 या 5 मिमीला 42 अंश लागतात. बीडीसीजवळ पिस्टन रेंगाळतो.

आता चित्र काढू. सिलिंडरच्या आत कागद दाबून बसवा आणि काजळी लावलेल्या बोटाने घासा. पोर्टचा ठसा उमटेल. प्रत्येक 5 अंशांना उघडं क्षेत्रफळ चौकटी मोजून काढा आणि अंशांसमोर मांडा. टेकडीसारखा आलेख मिळतो.

पण वायूला अंश कळत नाहीत, वेळ कळते. 3000 आरपीएमला 147 अंश म्हणजे सुमारे 8 मिलिसेकंद. 6000 ला फक्त 4. म्हणून टेकडीखालचं क्षेत्रफळ वेगाने भागूनच पोर्ट पुरेसा आहे का ते ठरतं.

आमची कड 33 मिमीवर गेली, म्हणजे 157 अंश. जास्त वेगाला ते मानवलं. चढावर वेग पडला की पोर्ट बंद होण्याआधी ताजं मिश्रण बाहेर जायला भरपूर वेळ, शिवाय दाबायला स्ट्रोक 35 ऐवजी 33 मिमीच उरला. आणि लूनाला खालचा गिअर कुठला?

घासलेलं लोखंड परत येत नाही. कागद मात्र खोडता येतो. तेव्हा आधी पेन्सिल, मग कानस!