वाळवंटात समृद्धी कशी उभी राहते? सतलजच्या पाण्याचा धडा



थरचे वाळवंट म्हटले की उंट, वाळूच्या टेकड्या आणि सीमेवरची चौकी डोळ्यांसमोर येते. आता नकाशात राजस्थानच्या उत्तर टोकाला श्रीगंगानगर आणि हनुमानगढ हे जिल्हे शोधा. आज तिथे गहू, मोहरी, कापूस आणि किन्नू पिकतो. शंभर वर्षांपूर्वी या भागात बहुतांशी माळरान आणि तुरळक ढाण्या, म्हणजे लहान वस्त्या होत्या. हा बदल कसा घडला आणि त्यात काय चुकले, ते पाहू.

१. पाणी कुठून आले?

विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे इ.स. १८९९-१९०० साली, मोठा दुष्काळ पडला. राजस्थानात तो ‘छप्पनिया’ या नावाने आजही ओळखला जातो. बिकानेरचे महाराजा गंगासिंह तेव्हा नुकतेच कारभार पाहू लागले होते. ‘गंगा रिसाला’ हे प्रसिद्ध उंटदळ त्यांचेच. त्यांच्या राज्यात बारमाही नदी नव्हती. जवळची सतलज राज्याबाहेरून वाहत होती, त्यामुळे आधी शेजाऱ्यांशी बोलणी करावी लागली. १९२० साली पंजाब, बहावलपूर आणि बिकानेर यांच्यात करार झाला आणि २६ ऑक्टोबर १९२७ रोजी गंग कालवा सुरू झाला. वाळूत पाणी मुरू नये म्हणून या कालव्याला अस्तर केले होते.

पुढचा टप्पा त्याहून मोठा होता. बिकानेरचे अभियंता कंवर सेन यांनी १९४८ साली वाळवंटात दूरवर पाणी नेण्याची योजना मांडली. सतलज आणि बियास यांच्या संगमाजवळचा हरिके बंधारा १९५२ मध्ये तयार झाला. १९५८ साली राजस्थान कालव्याचे काम सुरू झाले आणि १९६१ मध्ये पहिले पाणी सुटले. हाच आजचा इंदिरा गांधी कालवा. २०४ किमीचा पुरवठा कालवा आणि ४४५ किमीचा मुख्य कालवा मिळून त्याची लांबी ६४९ किमी भरते. त्याचे शेवटचे टोक जैसलमेर जिल्ह्यात मोहनगढजवळ आहे.

२. पाण्यानंतर काय लागते?

फौजेला नुसती शस्त्रे पुरत नाहीत, मागे रसद लागते. वसाहतीचेही तसेच असते. इथे जमीन मोजून २५ बिघ्यांचे, म्हणजे सुमारे सव्वासहा हेक्टरांचे ‘मुरब्बे’ पाडले गेले. प्रत्येक शेताला पाण्याची पाळी ठरली. माल विकायला मंडी आणि तो बाहेर न्यायला रेल्वे हवी होती, तीही आली. उडत्या वाळूने कालवा बुजू नये म्हणून काठाने शिसव, बाभूळ आणि निलगिरीचे पट्टे लावले. पंजाबातून कसलेले शेतकरी आले. माजी सैनिकांना जमिनी मिळाल्या. हिमाचलात पोंग धरणामुळे विस्थापित झालेल्यांनाही इथे जमीन देऊ केली गेली, पण त्यांतील अनेकांचे दावे कित्येक दशके रेंगाळले.

३. चुकले कुठे?

पहिल्या टप्प्यात पाणी सढळ हाताने दिले गेले. दर हजार एकरांमागे ५.२३ क्युसेक असे प्रमाण होते. अनेक ठिकाणी जमिनीखाली थोड्याच खोलीवर पाणी न झिरपू देणारा थर आहे. जादा पाणी त्यावर साचले आणि क्षार वर आले. काही शेतांचे अक्षरशः तळे झाले. तिथले लोक याला ‘सेम’ म्हणतात. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यातील क्षारपड, चिबड जमीन याच कारणाने बिघडली. ज्या जमिनीला तहान होती, ती पाण्यानेच नापीक झाली. दुसऱ्या टप्प्यात पाण्याचे प्रमाण ३ क्युसेकवर आणले गेले आणि तुषार व ठिबक सिंचनावर भर दिला गेला. पाणी आणण्याइतकेच त्याचा निचरा करणे आणि ते मोजून वापरणे महत्त्वाचे असते, हा धडा महागात पडून मिळाला.

४. प्रदेश खरोखर निर्जन होता का?

नव्हता. राठी आणि थारपारकर गायी, मेंढ्या आणि उंट घेऊन फिरणारे पशुपालक इथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. त्यांची सेवण गवताची कुरणे नांगराखाली गेली. मोजणीच्या कागदावर जी जमीन ‘पडीक’ होती, तीच त्यांची गुरे जगवत होती. समृद्धीचा हिशेब मांडताना ही बाजू सोडली, तर तो हिशेब अपुरा राहतो.

लक्षात ठेवा: पाणी, निचरा, जमिनीची वाटणी, बाजार, वाहतूक आणि आधीपासून राहणाऱ्यांचा हक्क. यांतला एक दुवा निसटला की वसाहत लंगडी पडते.

स्वाध्याय

१. नकाशात हरिके ते मोहनगढ कालव्याची रेषा काढा. तो कोणकोणत्या राज्यांतून जातो?
२. कालवा हा रणगाड्यांपुढचा अडथळाही ठरतो. संरक्षणाच्या दृष्टीने याचे फायदे आणि तोटे लिहा.
३. तुम्हाला हजार एकर कोरडी जमीन वसवायची आहे. पहिल्या वर्षी कोणती तीन कामे हाती घ्याल? कारणे द्या.