‘बिडीचा खोकला’ म्हणून सोडून देऊ नका

आपल्या इंदूरच्या कितीतरी घरांत आजोबांचा सकाळचा खोकला सर्वांच्या कानांना सवयीचा झालेला असतो. ‘बिडीचा खोकला आहे, जुनाच आहे’ असे म्हणून मंडळी आपापल्या कामाला लागतात. पण हा खोकला पुष्कळदा एका गंभीर आजाराची पहिली सूचना असते. डॉक्टर त्यास सी.ओ.पी.डी. म्हणतात. विद्यार्थी व पालक या दोघांसाठीही त्याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

फुफ्फुसात काय घडते?

श्वासनलिका झाडासारखी असते. खोड, फांद्या, डहाळ्या आणि टोकाला कोट्यवधी वायुकोश. नलिकांच्या आतील सूक्ष्म केस धूळ व कफ वर ढकलून सफाई करीत असतात. तंबाखूचा धूर या केसांना निकामी करतो. नलिका सुजतात, कफ साचतो. दुसरीकडे वायुकोशांच्या भिंती फाटतात व फुफ्फुसाची लवचिकता जाते. जुना फुगा सैल पडावा तसे होते. आत गेलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही आणि ताज्या हवेला जागा उरत नाही.

कारणे

मुख्य कारण धूम्रपान. बिडीत तंबाखू कमी असतो म्हणून ती सौम्य, हा समज चुकीचा आहे. तेंदूच्या पानाची बिडी लवकर विझते. ती पेटती ठेवण्यासाठी वारंवार व जोराने झुरके घ्यावे लागतात, त्यामुळे विषारी द्रव्ये भरपूर आत जातात. बंद स्वयंपाकघरातील चुलीचा धूर वर्षानुवर्षे घेतलेल्या स्त्रियांनाही हा आजार होतो. घरात दुसऱ्याने ओढलेल्या बिडीचा धूर मुलांच्या फुफ्फुसांना अपाय करतो, हे पालकांनी विसरू नये.

लक्षणे

१. सलग २ वर्षे, दर वर्षी निदान ३ महिने कफासह खोकला.
२. जिना चढताना किंवा भरभर चालताना धाप लागणे.
३. छातीत घरघर, वारंवार सर्दी छातीत उतरणे.

यातील दुसरे लक्षण फसवे आहे. धाप लागते म्हणून माणूस नकळत आपले चालणे कमी करतो. आधी बाजार सुटतो, मग देवळाची पायरी, मग वरची खोली. घरचे म्हणतात, ‘आता वय झाले.’ बसून राहिल्याने धाप जाणवत नाही आणि आजार आत वाढत राहतो. कफात रक्त येणे, वजन घटणे किंवा ओठ निळसर होणे दिसल्यास एक दिवसही थांबू नये.

तपासणी व उपचार

स्पायरोमेट्री ही सोपी तपासणी आहे. पूर्ण श्वास घेऊन नळीत जोराने फुंकायचे. औषध हुंगवल्यानंतरही एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी हवा पहिल्या सेकंदात बाहेर पडली, तर नलिकांत अडथळा आहे असे समजतात.

गेलेले फुफ्फुस परत येत नाही, परंतु धूम्रपान सोडताच पुढील झीज मंदावते. ‘आता या वयात सोडून काय फायदा?’ या प्रश्नाचे उत्तर रिचर्ड डॉल व सहकाऱ्यांनी दिले आहे. १९५१ पासून ब्रिटनमधील ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांची ५० वर्षे नोंद ठेवून त्यांनी २००४ साली निष्कर्ष छापले. ३०व्या वर्षी सोडणाऱ्यांना सुमारे १०, ४०व्या वर्षी ९, ५०व्या वर्षी ६ आणि ६०व्या वर्षी सोडणाऱ्यांनाही सुमारे ३ वर्षांचे आयुष्य अधिक लाभले.

‘पंपाची सवय लागते’ ही भीती निराधार आहे. इन्हेलरमुळे औषध थेट फुफ्फुसात जाते. स्टेरॉइडचा इन्हेलर असल्यास नंतर चूळ भरावी. डॉक्टरांच्या सल्ल्याने फ्लू व न्यूमोनियाची लस, रोज झेपेल तेवढे चालणे आणि ओठ आवळून हळूहळू श्वास सोडण्याचा सराव, यांचाही उपयोग होतो. बिडी-सिगारेट सोडण्यासाठी १८००-११२-३५६ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळते.

आमची विनंती

विद्यार्थ्यांनो, वडीलधाऱ्यांना उपदेश करू नका. ‘आजोबा, चला, आपण बरोबर जाऊन तपासून येऊ’ एवढेच म्हणा. नातवंडाचा शब्द मोडणे आजोबांना जड जाते.

पालकांनो, मुलांना बिडी-सिगारेट आणण्यास दुकानात पाठवू नका. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकणे, तसेच शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकणे हा गुन्हा आहे. विश्वस्त महोदयांनी शाळेच्या फाटकाबाहेर या नियमाचे पालन होते की नाही, इकडे लक्ष द्यावे, अशी नम्र विनंती.

पहिली बिडी बहुधा शाळेच्या वयातच ओढली जाते. ती ओढलीच गेली नाही, तर या लेखातील उपचारांची वेळच येणार नाही.