दिवसाचं दूध सोडवताना

बाळंतपणाची रजा संपत आली की घरी येणारी प्रत्येक बाई एकच विचारते, "अंगावरचं सोडवलंस का गं?" जणू नोकरीवर जायचं तर आधी बाळाचं दूध तोडून यावं, असा नियमच आहे. माझं घर कऱ्हाडला, बँक साताऱ्यात. सकाळी एसटीनं निघायचं आणि दिवेलागणीला परत यायचं. मधल्या वेळात लेकीचं पोट माझ्याशिवाय भरलं पाहिजे, एवढंच मला जमवायचं होतं. ते जमवताना जे कळलं, ते लिहिते.

१. किती सोडवायचं, ते आधी ठरवा.
जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या खाण्याच्या जोडीनं दोन वर्षं किंवा त्याहूनही जास्त काळ पाजायला सांगते. २०१७ च्या कायदादुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधीच घेतले, तर रुजू होताना बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं. म्हणून तब्येत ठीक असेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील, तर आधीची रजा शक्य तितकी वाचवावी. मी पहाटेचं, संध्याकाळचं आणि रात्रीचं पाजणं ठेवलं, फक्त दिवसाचं सोडवलं. पूर्ण सोडवायचं असेल तरी वाट हीच, फक्त लांबची.

२. एका वेळी एकच पाजणं कमी करा.
बाळ जितकं ओढतं तितकं दूध तयार होतं. मागणी घटली की शरीर हळूहळू हात आखडतं, पण त्याला वेळ लागतो. एक पाजणं बंद केलं की चार-पाच दिवस तरी थांबावं, मग दुसऱ्याकडे वळावं. सुरुवात बाळ ज्या वेळी खेळात दंग असतं तिथून करावी; झोपतानाचं पाजणं सगळ्यात शेवटी. मधे छाती दगडासारखी झाली तर आराम पडेल इतकंच दूध पिळून काढायचं आणि गार पट्ट्या ठेवायच्या. सगळंच काढलं तर शरीराला वाटतं, अजून हवंय. "घट्ट बांधून ठेव" हा सल्ला मात्र कुणी कितीही मायेनं दिला तरी ऐकू नका, त्यानं गाठी होतात. लाल चट्टा उठला, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तोवर त्या बाजूनं पाजणं एकदम बंद करू नका.

३. छातीला कडुलिंबाचा रस, कोरफडीचा गर वगैरे लावणं.
नको. सहा महिन्यांच्या जिवाला आईचा वास कडू करून काय मिळणार?

४. पहिली वाटी आईनं देऊ नये.
मी वाटी घेऊन बसले की लेक वाटीकडे बघायचीच नाही, थेट पदराला हात. बरोबरच आहे, दुकान उघडं दिसत असताना कोण दुसरीकडे जाईल? शेवटी सासूबाईंनी मला गच्चीवर पिटाळलं आणि माळ्यावरचं बोंडलं काढलं. माझ्या नवऱ्याला त्यांनी त्याच बोंडल्यानं पाजलं होतं. पहिले काही दिवस लेकीपेक्षा लाळेरंच जास्त दूध प्यायलं. पण त्यांना घाई नव्हती. बाळाला जरा उभं धरायचं, दूध ओठाला टेकवायचं, ओतायचं नाही, आणि तिनं तोंड फिरवलं की थांबायचं. खूप भूक लागण्याआधीच द्यायचं, कारण रडणारं बाळ नवं काही शिकत नाही. हा सराव रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू व्हायला हवा. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं, कारण ते घासून, उकळून स्वच्छ करता येतं. बाटलीच्या बुचाचे कोपरे कुणाला सापडलेत? बाळ पाळणाघरात राहणार असेल, तर तिथल्या मावशींनाही ही पद्धत आधी दाखवून ठेवा.

५. काढलेलं दूध जपण्याचे नियम पाठ करा.
खोलीत, तेही २५ अंशांपर्यंत, ते चार तास टिकतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेवढाही भरवसा नको, बर्फाची पिशवी सोबत हवी. फ्रिजमध्ये चार दिवस, पण दारात नाही, आत मागच्या बाजूला. डब्यावर तारीख घालायची. वर साय आल्यासारखं दिसतं, ते नासलेलं नसतं, हलकेच हलवायचं. उकळायचं नाही, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करायचं. उष्टं उरलेलं पुन्हा ठेवायचं नाही, मग काढताना कितीही कष्ट पडलेले असोत. दूध पुरत नसेल तर डॉक्टरांना विचारून पावडरचं दूध द्या आणि डब्यावरचं माप काटेकोर पाळा. जास्त पाणी घालून ते पुरवू नका. एक वर्षाच्या आत आईच्या दुधाऐवजी गाई-म्हशीचं दूध नको आणि मधाचं बोटही नको.

६. उष्टावण झालं म्हणजे दूध संपलं असं नाही.
सहा महिने पूर्ण झाले की खिमट, नाचणीचं सत्त्व, तूप घातलेला मऊ वरणभात सुरू होतो. पण पहिलं वर्षभर मुख्य आहार दूधच.

७. रात्री हिशेब चुकता होतो.
दिवसा दोन घोट घेऊन गप्प राहिलेलं बाळ रात्री दर दोन तासांनी उठतं. आमच्याकडे तेच झालं आणि "दूध आटलं असेल" असं सगळ्यांना वाटलं. आटलं नव्हतं. आई रात्रीच भेटते, हे लेकीनं ओळखलं होतं. अशा वेळी दूध सोडवण्यापेक्षा सकाळचा डबा नवऱ्याकडे सोपवणं सोपं पडतं.

८. पाजणं कमी झालं की पाळी परत येऊ शकते, आणि ती येण्याआधीही दिवस राहू शकतात. डॉक्टरांशी हे आधीच बोलून घ्या.

९. ऑफिसात जागा मागा, तीही लेखी.
काउंटरवर रांग असताना पान्हा फुटतो. त्यासाठी आत जाड सुती घड्या, अंगावर गडद छापील कपडा आणि पर्समध्ये जादा ब्लाउज. एवढं आपल्या हातात आहे. पण दूध काढायला जागा लागते आणि स्वच्छतागृह ही ती जागा नव्हे. एसटीच्या स्थानकांवर हिरकणी कक्ष झाले. ज्या गवळणीचं नाव त्यांना दिलं, ती आख्यायिकेप्रमाणे रायगडावर दूध विकायला गेली होती, म्हणजे कामावर आलेली आईच. दरवाजे वेळेवर बंद झाले आणि तिला कडा उतरावा लागला. आपण तिच्या धाडसाचे पोवाडे गातो, पण दार उघडावं असं कुणाला सुचलं नाही, याबद्दल बोलत नाही. कायद्यात मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्यांची तरतूद आहे, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची. लहान शाखेत पाळणाघर मिळणार नाही, पण आतून कडी लागणारी खोली, एक खुर्ची आणि चालू प्लग मिळू शकतो. रुजू होण्याच्या पंधरा दिवस आधी तसा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तुमच्यानंतर रजेवरून परतणारीला तोच अर्ज दाखवता येईल.