तळहातावरचा फोड

गणेशपेठच्या बसस्थानकावर लेक एसटीतून उतरला आणि त्याची बॅग हातात घ्यायच्या आधीच मी विचारलं, “मग, काय काय शिकून आलास?”

तो म्हणाला, “आई, पाणी आहे का?”

पाणी मी नेलंच नव्हतं. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन, पोरगं मूल गावाहून चार तास तापलेल्या खिडकीशी बसून आलेलं आणि मी त्याच्यासाठी काय घेऊन उभी, तर प्रश्न. ते आठवलं की अजून पोटात कालवतं. म्हणून आज तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

आम्ही खापरखेड्याचे. वीज केंद्राच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसतात. ह्यांचं काम तिथेच, कोळसा हाताळणीत, कंत्राटी. लेक अकरावी संपवून बारावीत चाललेला. आमच्या मंडळीच्या तरुण संघाने ठरवलं की यंदा उन्हाळ्यात नेहमीचं गाणी-खेळांचं शिबिर नको, आठ दिवस कुठेतरी जाऊन अंगमेहनतीची सेवा करायची. पाळकसाहेबांनी सोमनाथचं नाव सुचवलं. नऊ मुलं-मुली तयार झाली, त्यात आमचाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलजवळचा हा बाबा आमटेंचा प्रकल्प. आनंदवन सगळ्यांना माहीत असतं, सोमनाथ त्याचंच धाकटं भावंड. १९६७ मध्ये जंगलाच्या कडेला सुरू झालेलं. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांनी तिथली जमीन स्वतःच्या हातांनी लागवडीखाली आणली, भात पिकवला. दरवर्षी मे महिन्यात तिथे श्रमसंस्कार छावणी भरते. गावोगावची तरुण पोरं येतात. सकाळी कुदळ-फावडं, मग व्याख्यानं आणि चर्चा, संध्याकाळी गाणी.

पाठवायच्या आधी आपल्या मनात काय काय येतं ते तुम्हालाही माहीत आहे. ऊन लागेल. जवळच ताडोबाचं जंगल, वाघ असतील. बारावीचे क्लास मे महिन्यातच सुरू होतात, आठ दिवस बुडतील आणि ते आठ दिवस म्हणजे एक अख्खा धडा. मी बॅगेत ग्लुकोज, चिवड्याचे तीन डबे आणि खिशात ठेवायला कांदा दिला. फोन दिवसातून तीनदा करायचा असं वदवून घेतलं.

खरी भीती मात्र कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. ती शेवटी आजीच्या तोंडून आली. निघायच्या आदल्या रात्री तिने मला स्वयंपाकघरात हळूच विचारलं, “तिथल्या लोकांच्या हातचंच जेवायचं का गं ह्यानं?”

आजीला काय सांगणार? माझ्या मनातही तेच होतं. कुष्ठरोग्याला येशूने हात लावून बरं केलं, ही गोष्ट मी शब्बाथ शाळेत लहान मुलांना कितीतरी वेळा सांगितली आहे. पण आपल्या लेकराच्या ताटाची गोष्ट आली तेव्हा माझा हात अडखळला. हे कबूल करायला मला जड जातंय. तरी करते, कारण तुमच्याही घरात अशी एखादी कुजबुज झाली असेल, होईल.

त्या रात्री मी आमच्या ओळखीच्या डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितलं. हा रोग जंतूमुळे होतो आणि तो जंतू हान्सेन नावाच्या नॉर्वेच्या डॉक्टरने १८७३ मध्येच शोधून काढला. एकत्र जेवल्याने, हात मिळवल्याने तो लागत नाही. बहुतेकांच्या अंगात त्याच्याशी लढण्याची ताकद मुळातच असते. गेली चाळीस वर्षं बहुविध औषधोपचार आहे, सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की माणूस बरा होतो. बऱ्या झालेल्या माणसाकडून काहीच होत नाही. बोटं आखडलेली राहतात, ती फक्त जुन्या दुखण्याची खूण.

मी फोन ठेवून आजीजवळ बसले आणि तिला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मग त्याला लिंबाचं लोणचं दे. सगळ्यांना पुरेल एवढं दे.”

छावणीहून परतल्यावर बसस्थानकावरून गाडीवर मागे बसून तो घरी आला तो दीड दिवस झोपला. उठला तरी बोलेना. ह्यांना काळजी वाटली, मला राग आला. बाकीच्या आयांना फोन केले तर त्यांच्या घरीही तेच! एकीने सांगितलं, तिच्या मुलीने ताटात उरलेली पोळी बघून रडायला सुरुवात केली. मी विचारत राहिले, तो “बरं होतं” म्हणत राहिला. आपण मुलांना शाळेच्या सहलीवरून आल्यावर विचारतो, तसंच मी विचारत होते. आठ दिवस दिले, पैसे दिले, क्लास बुडवला, त्याचं उत्तर मला लगेच हवं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्याचे मातीने भरलेले कपडे भिजवायला घेतले. तो आपणहून मोरीत येऊन बसला आणि शर्ट घासायला लागला. तेव्हा मला त्याचे तळहात दिसले. दोन्ही हातांना फोड येऊन फुटलेले, आता सुकत आलेले.

कपडे घासता घासताच त्याने सांगितलं. दुसऱ्याच दिवशी फावड्याने हात सोलले होते. इतर मुलांसमोर सांगायची लाज वाटली, म्हणून मूठ मिटून फिरत होता. तिथल्या एका आजोबांच्या ते लक्षात आलं. त्यांच्या स्वतःच्या हाताची बोटं अर्धी. “दाखव बरं हात,” म्हणाले. पाण्याने धुतले, तेल लावलं, फडक्याची पट्टी बांधली. त्या आखडलेल्या बोटांनी गाठ इतकी नीट मारली की ती दोन दिवस सुटली नाही. मग फावडं कसं धरायचं ते दाखवलं. दांडा घट्ट आवळायचा नाही, हातात खेळू द्यायचा.

“आणि आई, मग त्यांनी दिव्याखाली स्वतःचे हात बघितले. उलटे, पालटे, एकेक बोट. मग पाय बघितले. रोज बघतात. मी विचारलं काहून, तर म्हणाले, तुला फोड आला ते दुखलं म्हणून कळलं. आम्हाला कळत नाही. बघावंच लागतं.”

हे मी नंतर वाचलं. तमिळनाडूच्या वेल्लोरला काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच जगाला पटवून दिलं होतं की कुष्ठरोगात बोटं आपोआप झडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे चटका, जखम, काटा कळत नाही आणि न कळलेल्या जखमांनी हात-पाय जातात. पण मला ते पुस्तकातून नाही, मोरीत साबणाच्या फेसात हात बुडवून बसलेल्या माझ्या सतरा वर्षांच्या मुलाकडून समजलं.

मग तो म्हणाला ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. “आम्ही मदत करायला गेलो होतो ना? त्यांनीच आमची मदत केली. आमचं काम ते अर्ध्या वेळात करतात.”

माझ्या तोंडावर आलं होतं, “असं नाही रे, तुम्हीही पुष्कळ केलंत.” आपण सगळे हेच करतो. मुलाला जरा खट्टू झालेलं पाहिलं की लगेच फुंकर घालतो. त्या दिवशी कशी कोण जाणे, मी गप्प राहिले. त्याला आपण कमी पडलो असं वाटत होतं, तर वाटू द्यावं असं मला वाटलं. त्यात त्याचा अपमान नव्हता. आखडलेल्या बोटांच्या माणसाकडून काम शिकायला मिळालं, ही समज त्याला येत होती, आणि मी मध्ये पडले असते तर ती तिथेच थांबली असती.

अशा छावण्यांची मूळ गोष्टही मी मग शोधून वाचली. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, पिएर सेरेझोल नावाचा स्वित्झर्लंडचा एक ख्रिस्ती शांतिवादी काही तरुणांना घेऊन फ्रान्समध्ये व्हर्दनजवळच्या एका उद्ध्वस्त गावात घरं उभी करायला गेला. त्यांच्यात जर्मन तरुणही होते, म्हणजे ज्यांच्या देशाच्या तोफांनी ती घरं पडली तेच. गावात सगळ्यांना ते रुचलं नाही आणि काही महिन्यांत काम थांबवावं लागलं. आपण मदतीला आलो म्हणून समोरच्याने हात जोडून उभं राहावं असं नसतं, हे त्या पोरांना तिथे कळलं असणार. सेरेझोल पुढे १९३४ च्या भूकंपानंतर आपल्या बिहारमध्येही गावं उभी करायला आला. आणि त्याने उभ्या केलेल्या संघटनेचे देशोदेशीचे तरुण पन्नासच्या दशकात आनंदवनात राहून इमारती बांधायला हात लावून गेले. माझ्या लेकाच्या हातातलं फावडं इतक्या लांबून आलेलं होतं.

आता थोडं घरातलं. ह्यांना त्याच्या फोनमध्ये त्या आजोबांसोबतचा फोटो दिसला. मंडळीच्या ग्रुपवर आणि स्टेटसला टाकावा म्हणून ह्यांनी मागितला. लेक म्हणाला, “नको पप्पा. त्यांना विचारलं नाही मी.” ह्यांना वाईट वाटलं, कारण त्यांना पोराचा अभिमानच दाखवायचा होता. आपल्या सगळ्यांनाच तो दाखवायचा असतो. पण मला मुलाचं बरोबर वाटतं. ते आजोबा त्याच्या चांगुलपणाचा पुरावा नव्हते.

आल्यावर त्याने ठरवलं होतं की स्वतःचं ताट, स्वतःचे कपडे स्वतः धुवायचे. बारा दिवस चाललं. मग क्लास, टेस्ट, आणि ताट पुन्हा ओट्यावर. एका संध्याकाळी थकून आले होते, मी बोलून गेले, “सोमनाथ विसरलास वाटतं?” त्याचा चेहरा असा मिटला की आठवडाभर सोमनाथचं नाव त्याने काढलं नाही. त्याच्या मनातली चांगली जागा मी त्याच्यावरच उगारली होती. एवढी एक चूक तुम्ही करू नका. ताट धुवायचं तर आज धू म्हणा, छावणीला मध्ये आणू नका.

मला वाटतं, मुलं तिथून जे आणतात ते आपण ठरवलेल्या जागी ठेवत नाहीत. आपण ताटाकडे बघत बसतो आणि ते भलतीकडेच दिसतं.

जूनमधली गोष्ट. हे रात्रपाळीहून सकाळी आले, बूट काढून पलंगावर टेकले. लेक क्लासला निघालेला. दारातून परत आत आला, बादलीत कोमट पाणी आणलं आणि खाली बसून म्हणाला, “पप्पा, पाय दाखवा.” टाचेला खोल भेग पडली होती, तिच्यात कोळशाची काळी रेघ. “दुखत नाही काय हे?” “सवय झाली,” हे म्हणाले. लेकाने काही न बोलता भेग धुतली, तेल लावलं. क्लासला उशीर झाला. मी त्याला घड्याळ दाखवलं नाही.

येत्या मे महिन्यात तुमचं लेकरू सोमनाथला जाईल, कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला जाईल, नाहीतर तुमच्या मंडळीबरोबर कुठल्या खेड्यात जाईल. जाऊ द्या त्याला. आणि परत येईल त्या दिवशी स्टँडवर जाताना गार पाण्याची बाटली न्या, बॅग आपल्या खांद्यावर घ्या आणि घरापर्यंत काही विचारू नका.