‘क्रुएल्टी’, ‘क्रौर्य’ आणि ‘छळ’ : एक अर्थविचार

इंग्रजी ‘क्रुएल्टी’ हा शब्द जुन्या फ्रेंचमार्फत लॅटिन ‘क्रुडेलिस’पासून आला. त्याच्या मुळाशी ‘क्रुडुस’, म्हणजे कच्चे, रक्ताळलेले, हे विशेषण आहे. संस्कृत ‘क्रविस्’ म्हणजे कच्चे मांस. ‘क्रव्याद’ आणि ‘क्रूर’ हे शब्द त्याच कुळातील. म्हणून ‘क्रुएल्टी’ व ‘क्रौर्य’ हे केवळ प्रतिशब्द नसून सगोत्र शब्द ठरतात. दोहोंच्या व्युत्पत्तीत दृश्य रक्त आहे.

लोकव्यवहाराची वाट वेगळी आहे. गिरणाकाठच्या भडगावसारख्या गावांत, जिथे अहिराणी व मराठी शेजारी नांदतात, तिथे घरातील पीडेसाठी ‘क्रौर्य’ हा शब्द क्वचितच ओठी येतो. ‘छळ’, ‘जाच’, ‘सासुरवास’ हेच शब्द स्वाभाविक वाटतात. संस्कृतात ‘छल’ म्हणजे कपट. मराठीत तो अर्थ सततच्या पीडेकडे सरकला. ‘सासुरवास’चा वाच्यार्थ सासरी राहणे एवढाच, रूढार्थ मात्र सासरचा जाच.

१९८३ साली भारतीय दंड संहितेत आलेल्या कलम ४९८-अ ने, आणि १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८६ ने, क्रूरतेच्या व्याख्येत मानसिक आरोग्याची गंभीर हानी व मालमत्तेच्या बेकायदा मागणीसाठीचा छळ यांचाही समावेश केला. कायद्याची ‘क्रूरता’ अशा रीतीने ‘छळा’पाशी आली. तक्रार नोंदविणारा मात्र व्युत्पत्तीतले रक्तच शोधीत राहिला, तर ‘जाच आहे’ एवढेच म्हणणाऱ्या स्त्रीची साक्ष अर्थहीन ठरते. अर्थविचाराचे प्रयोजन इथे शब्दकोशापुरते उरत नाही.