पिकअपला जादा पाटे : काय साधते, काय साधत नाही

कर्जत-खालापूर भागातील आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांकडे आता स्वतःची पिकअप आहे. कोणी भिवंडी-उल्हासनगरहून कापड आणतो, कोणी फार्महाउसच्या लग्नांना मंडपाचे सामान पोहोचवतो आणि मागे जनरेटरची ट्रॉली जोडतो. माल भरला की गाडीचे बूड बसते, तोंड वर येते. मग गॅरेजमध्ये ठरलेला सल्ला मिळतो, "शेठ, पाटे वाढवून घ्या." हा सल्ला नेहमी चुकीचा असतो असे नाही. पण पाटे वाढवल्याने गाडीची वजन वाहण्याची क्षमता वाढते, हा समज मात्र धोक्याचा आहे.

आपल्या कर्जतचेच उदाहरण घ्या. कर्जत ते लोणावळा हा बोरघाटातील रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. त्याचा चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना आजही कर्जतला मागून बँकर इंजिने जोडतात. बँकर आला की गाडीला खरोखरच जादा जोर मिळतो. हेल्पर पाट्याचे तसे नाही. तो इंजिनाला जोर देत नाही, ब्रेकला देत नाही, अ‍ॅक्सल किंवा टायरलाही देत नाही. बसलेली चॅसी तो फक्त वर धरून ठेवतो.

जादा पाटे दोन प्रकारे बसवतात. पहिल्या प्रकारात मूळ चळतीतच एक पाटा वाढवतात. हे स्वस्त पडते, पण गाडी रिकामी असतानाही कडक होते आणि खड्ड्याखड्ड्यांत उडते. दुसऱ्या प्रकारात चळतीच्या वर वेगळा हेल्पर पाटा बसवतात. रिकाम्या गाडीत त्याची टोके अधांतरी असतात. माल भरून चॅसी खाली आली की ती ठोकळ्यांना टेकतात आणि तेव्हाच पाटा कामाला लागतो. येताना भरून आणि जाताना रिकामी धावणाऱ्या आपल्या गाड्यांना दुसरा प्रकार केव्हाही बरा. पाट्याची जाडी मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नये. लांबी-रुंदी तीच ठेवली तर पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे ६ मि.मी.च्या जागी ८ मि.मी.चा पाटा घातला तर तो एकटा सव्वादोन पटींहून जास्त कडक होतो.

तुटलेला पाटा वेल्डिंग करून कधीही वापरू नका. हे पोलाद पाणी देऊन तयार केलेले असते; वेल्डिंगची आच लागली की जोडाजवळ ते ठिसूळ होते. भंगारातला पाटा तापवून, ठोकून कमान चढवणेही तसेच. आपले लोहार याच पाट्यांपासून उत्तम कोयते आणि सुरे बनवतात. जुन्या पाट्याची जागा तिथे, गाडीखाली नाही.

आता ओढण्याचा हिशोब पाहू. ट्रॉलीच्या दांडीचा १०० किलो भार गाडीच्या हुकावर आहे असे समजा. हुक मागच्या अ‍ॅक्सलच्या १.२ मीटर मागे आणि दोन अ‍ॅक्सलमधील अंतर ३ मीटर. तरफेच्या नियमाने मागच्या अ‍ॅक्सलवर १४० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे ४० किलो कमी होतात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग सैल लागते. पाटे वाढवून गाडी डोळ्यांना सपाट दिसली तरी ते ४० किलो बहुतेक बाहेरच राहतात. त्यावर खरा उपाय म्हणजे पिकअपमधील जड माल केबिनकडे सरकवणे आणि ट्रॉलीतील माल तिच्या चाकांच्या किंचित पुढे ठेवणे. दांडीवर ट्रॉलीच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा यावा. तोच माल चाकांच्या मागे गेला की उतारावर ट्रॉली डोलू लागते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट गॅरेजमध्ये क्वचितच सांगितली जाते. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकसाठी लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. चॅसी किती खाली आली यावरून तो माल ओळखतो आणि त्या प्रमाणात मागच्या चाकांना ब्रेकचा दाब देतो. पाटे कडक केले की चॅसी खाली येत नाही. व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते आणि मागचे ब्रेक हलके लागतात. खंडाळ्याहून खोपोलीकडे भरलेली गाडी उतरवताना याचा अर्थ काय होतो, तो सांगायला नको. म्हणून पाटे बदलल्यावर हा व्हॉल्व्ह कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जुळवून घेतलाच पाहिजे. हेडलाइटचा झोतही तेव्हाच तपासावा.

कायद्याचेही पाहावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतील फेरबदलांवर बंधने आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड ठेवला. जादा माल उतरवण्याचा खर्चही आपलाच. ट्रॉलीलाही नोंदणी लागते. आर.सी. बुकात लिहिलेले एकूण वजन पाटे घातल्याने एका किलोनेही वाढत नाही. अपघात झालाच तर विमा कंपनीचा माणूस पहिल्यांदा हेच पाहील. हप्त्याने घेतलेल्या गाडीवर अख्खे घर चालत असते, हे विसरू नये.

कापडवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. आपला माल वजनापेक्षा आकाराने मोठा, म्हणून गठ्ठे उंच रचले जातात आणि वळणावर गाडी कलते. ताडपत्री फाटून पावसात गाठी भिजल्या तर वजनही वाढते. इथे पाट्यांपेक्षा रचाई आणि बांधणी जास्त कामाची.

ज्यांची गाडी नोंदलेल्या वजनाच्या आतच चालते, पण जुने पाटे थकल्यामुळे बसते, त्यांनी आधी मूळ मापाचे नवे पाटे, बुश आणि शॅकल घालून पाहावे. बहुतेकांचे काम तिथेच भागते. तरीही हेल्पर लागलाच तर यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट योग्य लांबीचे आणि नवेच घ्यावेत. शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर माल भरलेल्या स्थितीत यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. नंतर गाडी वजनकाट्यावर न्यावी, आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग फक्त मागची, आणि दोन्ही आकडे आर.सी. बुकातील अ‍ॅक्सलच्या वजनांशी ताडून पाहावेत.